इथं तर उघडतंय की

गुंडेटी मास्तरांनी भिवंडीहून फाईल पाठवली.
तीन पानांचं कोटेशन, दुसऱ्या पानावर
बोटभर चौकट, चौकटीत बदक,
खाली बारीक अक्षरात: डबल क्लिक करा.

केलं.
बदक हललं नाही.
परत केलं, जोरात,
माऊसला ऐकायला कमी येत असल्यासारखं.

आमच्या ऑफिसात फुकटातली सिस्टीम आहे.
लायसनचे पैसे वाचवून शेठनी
वॉटर कूलर घेतला. मे महिन्यात
अक्कलकोट रोडवर याला कुणी चूक म्हणणार नाही.

फोन लावला. "मास्तर, नुसतं चित्र दिसतंय."
"चित्र नाही ते. अख्खी फाईल आहे आत."
"उघडत नाही."
"इथं तर उघडतंय की."
आणि पलीकडून क्लिकचा आवाज, दोनदा,
पुरावा म्हणून.
"बघ, उघडलं. काय करालालीस बे तू तिथं?"

माझ्या वडिलांच्या वेळी डिझाईन म्हणजे पुठ्ठे.
भोकं पाडलेले, दोरीत ओवलेले,
पूर्व भागातल्या आमच्या खोलीत
वाळवणासारखे टांगलेले.
तेव्हा सगळं सोपं होतं, असं लिहिणार होते.
पण चारशेच्या मशीनचा पुठ्ठा सहाशेला बसायचा नाही,
आणि पप्पा रात्रभर पंच ठोकत बसायचे,
कामगारांना मराठीत समजावून झालं की
पुठ्ठ्यांना तेलुगूत शिव्या देत.

चारच्या सुमारास मुजम्मिल बागवान आला,
लूमचे कार्ड दुरुस्त करणारा.
खारे शेंगदाणे मुठीतून तोंडात टाकत म्हणाला,
"ताई, हा नुसता फोटो आहे.
त्यांनी शेवटचं बंद केलं तेव्हाचा.
आत काय आहे, ते फोटोला माहीत नसतं."

मग कोटेशनची एक कॉपी काढली,
नावामागची शेपटी कापून झिपची लावली,
आणि अख्खं कोटेशन पोत्यासारखं उसवलं.
फोल्डर, फोल्डरात फोल्डर,
जीएसटीचा तक्ता एका बाजूला, सही एका बाजूला,
कंपनीचा शिक्का भलतीकडेच,
आणि तळाशी एक गठ्ठा,
ज्याला कुणी नावसुद्धा नीट दिलेलं नव्हतं.

"हेच. वरचं वेष्टण तेवढं सोलायचं."
वेष्टणावर पत्ता होता,
फाईल मुळात जिथं राहायची तिथला:
डी ड्राइव्ह, पद्मजा, लग्न, इतर, पप्पा.

पद्मजा त्यांची धाकटी.
हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तिच्या लग्नाच्या फोटोंमागे,
इतरच्या आत,
एवढी जागा मास्तरांना मिळाली होती.
मुजम्मिल पुढं सरकवत होता, मी म्हटलं थांब,
आणि परत वाचलं.

शेवटी बदक निघालं.
फोटोतल्यापेक्षा वेगळं. मान वळवलेली,
पोटाखाली पाण्याच्या तीन ओळी नवीन,
आणि दोनशे बाराव्या ओळीत, डावीकडे,
निळ्या पाण्यात एकच घर लाल.

परत फोन.
"मास्तर, उघडलं. एक लाल ठिपका राहिलाय, काढू?"
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मागं कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर रडत होतं.
मग इतकी वर्षं ऑफिसात माझ्याशी
फक्त मराठी बोललेला माणूस
हळूच म्हणाला, "अदि उंचु."

"काय म्हणाले?" मुजम्मिलनं विचारलं.
"ठेव म्हणाले."
"का?"
"ते नाही सांगितलं."

त्यानं शेंगदाण्याची टरफलं झटकली,
पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.
शेडमध्ये सात नंबरच्या लूमवर पांढरा ताणा चढला होता.
लाल धाग्याचा कोन
आणायला मी पोराला गोदामात पाठवलं.
एका ठिपक्यासाठी, म्हणाला तो, अख्खा कोन?